नवजात बाळाची कावीळ : निळ्या प्रकाशाला स्पर्शाची साथ

प्रतिनिधी

बाळाच्या जन्माला तीन-चार दिवस होतात न होतात तोच त्याच्या चेहऱ्यावर पिवळसर झाक दिसू लागते आणि घरात सल्ल्यांना ऊत येतो. कुणी बाळाला कोवळ्या उन्हात धरायला सांगते, कुणी आईच्या जेवणातील हळद आणि तेल-तूप बंद करते, तर कुणी मालिशवाल्या बाईंना तातडीने निरोप धाडते. दुसरीकडे डॉक्टर रक्ततपासणी लिहून देतात आणि बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवावे लागेल, असे सांगतात. काचेच्या पेटीत, डोळ्यांवर पट्टी बांधून, केवळ लंगोटावर झोपवलेले आपले चिमुकले पाहिले की आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. या काळात बाळाला हात लावायचा की नाही, जवळ घ्यायचे की नाही, मालिश करायची की नाही, हे प्रश्न तिला पडतात. पण ते विचारायचे कुणाला, हे कळत नाही.

या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत जगात अनेक ठिकाणी अभ्यास झाला आहे. हलक्या हाताची मालिश आणि आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवण्याची पद्धत, या दोन्हींचा काविळीच्या उपचारात उपयोग होऊ शकतो, असे या अभ्यासांतून दिसते. मात्र हा उपयोग पूरक आहे. स्पर्शाने प्रकाशोपचाराला हातभार लागतो. त्याची जागा स्पर्शाला घेता येत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यास होणारे नुकसान बाळाच्या मेंदूचे असते आणि ते भरून येत नाही.

कावीळ होते तरी का?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी ठराविक काळाने नष्ट होतात आणि त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. प्रौढ माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. नवजात बाळाच्या पेशींचे आयुष्य त्याहून कमी, साधारण ७० ते ९० दिवसांचे असते. शिवाय बाळाच्या रक्तात या पेशींचे प्रमाणही जास्त असते. त्यामुळे बिलिरुबिन अधिक तयार होते. ते शरीराबाहेर टाकण्यायोग्य करण्याचे काम यकृताचे. पण ते यकृत अजून पुरते सक्षम झालेले नसते. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात कमी-अधिक कावीळ होते, ती याच कारणाने. रक्तातील बिलिरुबिन दर डेसिलिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्वचा पिवळी दिसू लागते.

मोठ्या माणसांना दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीशी याचा काही संबंध नाही. बाळाची ही कावीळ संसर्गजन्य नसते आणि आईच्या जेवणातील हळदीने, वरणाने किंवा तुपाने ती वाढतही नाही. बाळंतिणीला उपाशी ठेवणे मात्र तिला आणि पर्यायाने बाळालाही अपायकारक ठरते.

या साखळीत आणखी एक दुवा आहे आणि स्पर्शोपचाराचा विचार करताना तोच महत्त्वाचा ठरतो. यकृताने आतड्यात सोडलेले बिलिरुबिन शीवाटे लवकर बाहेर पडले नाही, तर आतड्यातील एका विकरामुळे ते पुन्हा मूळ रूपात येते आणि रक्तात शोषले जाते. जन्मानंतरच्या पहिल्या काळपट-हिरव्या, चिकट शीमध्ये तर बिलिरुबिनचा मोठा साठा असतो. ही काळी शी जितकी लवकर निघून जाईल, तितका यकृतावरचा भार हलका होतो. म्हणूनच पहिल्या तासापासून स्तनपान, चिकाचे दूध आणि दिवसातून आठ ते बारा वेळा पाजणे, हा काविळीविरुद्धचा पहिला उपाय मानला जातो. दूध पोटात गेले की आतडी हलतात आणि आतडी हलली की बिलिरुबिन बाहेर पडते. बाळाला वरचे पाणी किंवा साखरेचे पाणी पाजल्याने कावीळ उतरत नाही. उलट तेवढे दूध मात्र कमी प्यायले जाते.

धोका नेमका कुठे?

बहुतेक बाळांची कावीळ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. म्हणूनच 'सगळ्याच बाळांना होते' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बिलिरुबिन फार वाढले, तर ते मेंदूत शिरते. तेथील काही भाग कायमचे निकामी झाल्यास बाळाला बहिरेपण, हातापायांच्या अनियंत्रित हालचाली आणि मेंदूचा पक्षाघात अशी आयुष्यभराची व्याधी जडते. वैद्यकात या अवस्थेला 'कर्निक्टेरस' म्हणतात. ती वेळीच केलेल्या उपचाराने टाळता येते आणि तरीही अनेक ठिकाणी टळत नाही, याचे मोठे कारण उशीर हेच असते.

आई 'ओ' गटाची आणि बाळ 'ए' किंवा 'बी' गटाचे असणे, आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असणे, 'जी-६-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता, अपुरे दिवस, जन्मावेळी डोक्यावर आलेला रक्ताचा टेंगूळ, आधीच्या भावंडाला झालेली तीव्र कावीळ, अशा बाबी असतील तर बिलिरुबिन झपाट्याने वाढू शकते. शिवाय केवळ नजरेने काविळीचे मोजमाप होत नाही. सावळ्या वर्णाच्या बाळांमध्ये तर ती नजरेतून सहज निसटते. त्वचेवर टेकवून वाचन घेणारे यंत्र किंवा रक्ततपासणी, हाच खात्रीचा मार्ग होय. किती आकड्याला उपचार करायचे, हे बाळ किती तासांचे आहे, किती आठवड्यांचे जन्मले आणि वर सांगितलेले धोके त्याला आहेत का, यावर ठरते. शेजारच्या बाळाचा आकडा आपल्या बाळाला लागू पडत नाही, तो यामुळेच.

रॉचफर्डच्या अंगणातील ऊन

निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा जन्म एका परिचारिकेच्या निरीक्षणातून झाला. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबदार दिवसांत अंगणात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखविले. त्याची त्वचा फिकी पडली होती. चादरीच्या कोपऱ्याने झाकला गेलेला त्रिकोणी भाग तेवढा गडद पिवळा होता. पुढे तेथेच, उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिन अनपेक्षितपणे कमी भरल्याचे आढळले. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून कृत्रिम प्रकाशाचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. अमेरिकेत व्हरमाँट येथील डॉ. जेरोल्ड ल्युसी यांच्या १९६८ मधील चाचणीनंतर हा उपचार सर्वत्र रुजला.

सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो. बदललेले बिलिरुबिन यकृताच्या प्रक्रियेवाचून पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडू शकते. मात्र पित्तातून आतड्यात उतरल्यावर त्यातील काही भाग पुन्हा मूळ रूपात येऊन शोषला जाऊ शकतो. म्हणजे दिव्याचे काम झाल्यावरही आतड्याचे काम उरतेच. मालिशीचा संबंध येतो तो या टप्प्यावर.

मालिशीने काय साधते?

बाळाला तेल लावून अंघोळ घालणे ही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. पाश्चात्त्य जगाला तिची ओळख १९७० च्या दशकात झाली. फ्रान्समधील प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्यात एका आईला आपल्या बाळाची मालिश करताना पाहिले आणि १९७६ मध्ये तिच्याच नावाने 'शांताला' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच दशकात भारतातील एका अनाथालयात काम केलेल्या अमेरिकन महिला विमला मॅक्लूर यांनी येथे पाहिलेल्या मालिशीवरून एक पद्धत बसविली. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेतील टिफनी फील्ड यांच्या चमूने अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. दिवसातून तीन वेळा १५ मिनिटे स्पर्श आणि हातापायांची हालचाल दिलेल्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा दररोज ४७ टक्के अधिक वाढल्याचे त्यात आढळले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात झालेला आणि २००५ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याला अधिक जवळचा. खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वजनवाढ त्यात अधिक चांगली दिसून आली.

काविळीसंबंधीचे प्रयोग त्यानंतरचे आहेत. २०११ मध्ये 'तोहोकू जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन' या जपानी नियतकालिकात पूर्ण दिवसांच्या ४२ बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मालिश केलेल्या बाळांना पहिल्या दोन दिवसांत अधिक वेळा शी झाली आणि पुढील दिवसांत त्यांचे बिलिरुबिन कमी भरले. इराणमधील तबरीझ येथे मॅक्लूर यांच्याच पद्धतीची मालिश काविळीसाठी तपासण्यात आली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मधील तैवानच्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रकाशोपचार सुरू असलेली बाळे होती. त्यांतही मालिश मिळालेल्या बाळांना शी अधिक वेळा झाली आणि तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन कमी आढळले.

कारणमीमांसा साधी आहे. हलक्या पण ठाम स्पर्शाने, विशेषतः पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हात फिरवल्याने, पचनसंस्थेचे नियमन करणारी व्हेगस नस उत्तेजित होते, आतड्यांची हालचाल वाढते, बाळ अधिक दूध पिते आणि शीवाटे बिलिरुबिन बाहेर पडते, असे संशोधक मानतात.

तथापि, या निष्कर्षांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हे अभ्यास लहान आहेत. त्यांत बाळांची संख्या बहुधा काही डझनांचीच असते. मालिश कोणाला मिळाली, हे कर्मचाऱ्यांपासून लपवणे शक्य नसते आणि प्रत्येक ठिकाणची पद्धतही वेगळी. या बाळांची कावीळ मुख्यतः सौम्य किंवा मध्यम होती. रक्तगट न जुळल्याने वेगाने वाढणारी कावीळ केवळ मालिशीने आटोक्यात आल्याचे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये काविळीच्या मार्गदर्शक सूचना नव्याने जाहीर केल्या. त्यांचा भर तपासणी, पुरेसे दूध, प्रकाशोपचार आणि अगदीच गरज पडल्यास रक्त बदलणे यांवरच आहे.

आईची छाती हीच पेटी

मालिशीहून अधिक भक्कम पुरावा आहे तो त्वचेशी त्वचा भिडवून बाळाला धरण्याच्या पद्धतीचा, अर्थात कांगारू मातृसंगोपनाचा. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अभ्यासातही कमी वजनाच्या बाळांना या पद्धतीचा लाभ झाल्याचे २००८ मध्ये नोंदवण्यात आले. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये ही पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची शिफारस केली.

काविळीत या पद्धतीचा उपयोग होतो तो मुख्यतः दुधाच्या मार्गाने. छातीशी धरलेले बाळ अधिक वेळा पिते, आईला दूध अधिक येते आणि बाळाची ऊबही टिकते. शिवाय 'माझे बाळ माझ्यापासून तोडले' ही आईच्या मनातील बोच कमी होते, हा लाभही लहान नाही.

उपचार सुरू असताना

प्रकाशोपचार म्हणजे बाळाला हात लावायला बंदी, असा समज आहे. तो चुकीचा होय. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१० मध्ये जाहीर झालेल्या सूचनांनुसार साध्या प्रकाशोपचारात स्तनपान, लंगोट बदलणे आणि बाळाला कुशीत घेणे यासाठी ३० मिनिटांपर्यंतची छोटी विश्रांती देता येते. बिलिरुबिन धोक्याच्या पातळीजवळ असल्याने एकाहून अधिक दिवे लावलेले असतील, तर मात्र उपचार मध्येच थांबवायचा नसतो. काही रुग्णालयांत प्रकाश देणारे चटईसारखे साधन असते. त्यावर बाळाला कुशीत घेऊन पाजताही येते. आपल्या बाळाचा उपचार कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांना विचारावे आणि त्यानुसार वागावे.

मालिश करायची असल्यास ती या विश्रांतीच्या वेळातच करावी. प्रयोगांमध्ये ती सहसा दिवसातून दोनदा, १५ ते २० मिनिटे केली जाते. पण दिव्याखाली काढलेला वेळ हाच खरा उपचार असल्याने पाजणे आणि मालिश यांचा मेळ परिचारिकेला विचारून घालावा. पाजल्यावर लगेच मालिश करू नये; मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. हात स्वच्छ धुतलेले, कोमट आणि नखे कापलेली असावीत. अनेक नवजात कक्षांत दिव्याखालील बाळाला तेल लावू देत नाहीत. अशा वेळी कोरड्या हाताने हलका स्पर्श पुरतो. फार अपुऱ्या दिवसांचे, तापलेले, जंतुसंसर्ग झालेले किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून मालिश करू नये.

घरच्या मालिशीतील काही प्रकार काविळीत आणि एरवीही टाळावेत. बाळाला पाय धरून उलटे करणे, सांधे ताणणे, नाकाकानात तेल सोडणे, छाती पिळणे, कढत पाण्याने शेकणे आणि धुरी देणे, यांत बाळाचे हित नाही.

एक गोष्ट तर घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मालिश आणि अंघोळ झाली की बाळ गाढ झोपते, म्हणून सगळे समाधानाने निःश्वास टाकतात. परंतु पिवळे झालेले बाळ दुधासाठी उठतच नसेल, उठवले तरी ओढत नसेल, तर ती मालिशीची सुखद झोप नसून बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचत असल्याचे लक्षण असू शकते. अशा बाळाला झोपू न देता रुग्णालय गाठावे.

उन्हाचे काय?

कोवळ्या उन्हाने कावीळ जाते, या समजात रॉचफर्डच्या अंगणाइतके तथ्य आहे. पण तेवढ्यावर उपचार उभा राहत नाही. उन्हातील निळ्या प्रकाशाची मात्रा मोजता येत नाही, ढग आले की ती घटते आणि उघडे बाळ गारठते किंवा भाजते. अतिनील किरणांचा अपाय वेगळाच. 'नाइस'च्या सूचनांतही उपचार म्हणून ऊन वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नायजेरियात अतिनील आणि उष्ण किरण गाळणाऱ्या विशेष पडद्याखाली बाळांना उन्हात ठेवण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्धही झाला. पण तेथे प्रशिक्षित कर्मचारी बाळांचे तापमान आणि बिलिरुबिन सतत तपासत होते. घरच्या गच्चीवर वा खिडकीत ते होत नाही.

काविळीसाठी माळ घालणे, ती 'उतरवणे' किंवा तापलेल्या सळईने डाग देणे या प्रकारांना वैद्यकीय आधार नाही. डाग दिल्याने जखम आणि जंतुसंसर्ग होतो, तो जिवावर बेततो. माळेने अपाय झाला नाही तरी मोलाचा वेळ वाया जातो. त्याचबरोबर बाळाचे कपडे, दुपटी डांबरगोळ्यांत ठेवलेली असतील तर ती वापरू नयेत. 'जी-६-पीडी'ची कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ एकाएकी वाढते.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे?

० जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला तर.
० पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला तर.
० बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, किंचाळल्यासारखे रडत असेल किंवा पाठीची कमान करून मान मागे टाकत असेल तर.
० पाचव्या दिवसानंतरही दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल तर.
० शी पांढरट, मातकट रंगाची आणि लघवी लंगोटाला पिवळा डाग पाडणारी असेल तर. हे पित्तनलिका बंद असल्याचे लक्षण असू शकते. त्यावरील 'कसाई' शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते.
० पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतर किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाची २१ दिवसांनंतरही टिकली तर.

शहरांतील बाळंतिणी आता दोन दिवसांत घरी जातात आणि कावीळ तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढते. म्हणजे धोक्याचा काळ घरातच येतो. त्यामुळे घरी सोडण्यापूर्वी बाळाचे बिलिरुबिन मोजून घेणे, आई व बाळ दोघांचे रक्तगट कागदावर लिहून घेणे आणि फेरतपासणीची तारीख विचारणे आवश्यक आहे. सरकारी रुग्णालयांत आजारी नवजातांवर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत २०११ पासून मोफत उपचार होतात. ग्रामीण भागात आशा कार्यकर्ती तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येऊन बाळाला पाहते. घरोघर जाऊन नवजातांची काळजी घेण्याची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रथम सिद्ध करून दाखवली होती.

मालिशवाल्या बाईंच्या हाताला आणि आजीच्या मांडीला आपल्या घरात मानाचे स्थान आहे. ते तसेच राहो. फक्त क्रम चुकता कामा नये. आधी तपासणी, मग गरजेनुसार प्रकाश, त्याबरोबर पोटभर दूध आणि या सर्वांच्या जोडीला आईचा हात. अंघोळीपूर्वी रोज सकाळी बाळाला उजेडात नेऊन त्याच्या कपाळावर, छातीवर आणि तळपायावर बोट दाबून पाहावे. दाबलेली जागा पिवळी दिसली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी बिलिरुबिन मोजून घ्यावे.